न मागितलेली तपासणी

माझी नणंद परदेशात अपंगांच्या जागतिक स्पर्धेला गेली होती, ही गोष्ट आमच्या गावात अजून सांगतात. लोक विमानाचं सांगतात, तिथल्या थंडगार खोल्यांचं सांगतात. ती शेवटची आली हेही कौतुकानं सांगतात, कारण जगात शेवटचं येणंसुद्धा गावाला मोठंच वाटतं. ती शेवटची का आली ते कुणी सांगत नाही. ते फक्त दोघींना माहीत आहे, तिला आणि मला.

मी चौथीपर्यंत शिकले. चारचौघांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. पण ही गोष्ट मनात आली की हातातलं काम तसंच राहतं, मी उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरते, दार लावलंय का ते दोनदा बघते. म्हणून एकदा लिहून काढते आहे.

लग्न होऊन मी बावडा गावाजवळच्या या वस्तीवर आले तेव्हा नणंद नऊ वर्षांची होती. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ल्हान हाय म्हणून नाव घिऊन हाका मारायच्या न्हाईत. मानाची हाय. वन्सं म्हणायचं." तेव्हापासून मी त्या शेंबड्या पोरीला वन्सं म्हणायला लागले आणि ती मला वैनी. तिची वेणी मीच घालायची. तापात तिचा डावा पाय गेला होता. मांडीत जोर नव्हता. पाऊल टाकताना ती डावा हात गुडघ्याच्या वर दाबायची, कमरेत वाकायची, मग पाय पुढं यायचा. रानात, बांधावर ती अशीच चालायची आणि भरभर चालायची. तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

हात मात्र दांडगे होते. आमच्या घरात आजेसासऱ्यांपर्यंत मेंढरं होती. पुढं मेंढरं गेली, शेती आली, पण गोफण राहिली. ज्वारी हुरड्यात आली की नणंद माळ्यावर बसून पाखरं राखायची. तिनं फेकलेला खडा शेजारच्या रानाच्या पलीकडं जायचा आणि शेजारी ओरडायचे, "आगं, आमची बी पाखरं राखतीयास व्हय?"

ती अठरा वर्षांची झाली तेव्हा इंदापूरला अपंगांच्या दाखल्याचं शिबिर होतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, आणि मी तिला घेऊन गेलो. तिथं बारामतीचे खेळाचे एक सर आले होते. गुऱ्हाळाच्या चरकात त्यांचा डावा हात गेलेला. नणंदेचे दंड बघून त्यांनी आपला उरलेला हात टेबलावर टेकवला आणि म्हणाले, "पाड."

तिनं मामंजींकडं बघितलं. मामंजी म्हणाले, "पाड की. मास्तर सांगत्यात."

तिनं पाडला. सर हात चोळत म्हणाले, "बाई, सोड आता. मोडलास तर माझ्याकडं दुसरा न्हाय."

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा एसटीनं बारामती. तिच्याबरोबर बहुतेक मीच जायची. मैदानाच्या कडेला पदराआड बसायची आणि बघायची. खेळ गोळाफेकीचा, पण गोळा बसून टाकायचा होता. लोखंडी खुर्ची चारी बाजूंनी खुंट्यांना दोरांनी बांधायची आणि तिच्यात बसून हातानं गोळा ढकलायचा. पहिले काही दिवस खुर्ची डुलायची, दोर सुटायचा, गोळा भलतीकडं जायचा. एकदा मामंजी आले, बघत राहिले आणि म्हणाले, "ही कसली गाठ? मेंढरू बी थांबायचं न्हाय." रात्री मेंढरं कोंडायची जाळी वाऱ्यात ताणून धरायला जशा खुंट्या तिरक्या ठोकतात तशा त्यांनी ठोकल्या, तशीच गाठ मारली. खुर्ची जागची हलेना. त्या दिवशी गोळा जिथं पडला तिथं सरांनी दोनदा टेप लावून मोजलं.

त्याच वर्षी घरात तिच्या लग्नाचं सुरू झालं. दोन स्थळं आली. पोरगी चालत आली, हात मांडीवर दाबून, वाकून, आणि पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. नणंद कुणाशी बोलेना. मग मी एक उपाय काढला. अक्कल सगळी माझी. स्वयंपाकघराच्या दारापासून पाटापर्यंत सात पावलं होती. मी तिला नऊवारी नेसवली आणि शिकवलं, डाव्या हातात निऱ्या अशा धरायच्या की सावरल्यासारखं वाटावं, आणि त्याच मुठीनं आतून मांडी रेटायची. मान खाली. पाऊल लहान. चौथ्या पावलाला दाराच्या चौकटीपाशी लाजल्यासारखं थांबायचं, दम घ्यायचा. गोठ्यामागं आम्ही महिनाभर हे केलं. ती हसायची, मी रागवायची. शेवटी ती अशी चालायला लागली की पाय जरा ओढते एवढंच कळावं.

कळसचे पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि मुलाचा मामा. नणंद सात पावलं चालली. मुलाची आई म्हणाली, "जरा पाय वढती, पर एवढं चालतंय." मामा सुपारी कातरत बसला होता. स्थळ ठरलं.

आणि मग सरांचा निरोप आला, निवड झाली. परदेशात, जगातल्या सगळ्या देशांचे अपंग खेळाडू येतात तिथं. सरांना काही जाता येणार नव्हतं. पथकाबरोबर एक मॅनेजर होते, हिंदी बोलणारे. कळसकरांनी कळवलं, जाऊन येऊ दे, वैशाखात लग्न करू. सगळं चांगलं होतं. मलाच घोर लागला.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिला आत घेतलं आणि म्हणाले, "वन्सं, तितं परक्या लोकांत नीट चाला. फोटो काढत्यात. पेपरात आला तर कळसचं लोक बघतील."

"तितं लुगडं कुठलं वैनी? ईजार दिलीया सरकारनं. निऱ्या कुठनं धरू?"

"ईजारीला खिसा आसंल की."

तिनं ती निळी विजार घातली, डावा हात खिशात घातला आणि आतून मांडी रेटत घरातून ओसरीवर आली. इतकी ऐटीत चालली की आम्ही दोघी पोट धरून हसलो. मला माझ्या अकलेचं कौतुक वाटलं.

ती गेली. दहा-बारा दिवस काही कळलं नाही. गावात फोन एकाच घरात होता, किराणा दुकान चालवणाऱ्या चाचींच्या. एके दिवशी दिवेलागणीला त्या स्वतःच धावत वस्तीवर आल्या. "चल गं, चल. परदेशातनं फोन हाय. पोरगी म्हणाली, परत लावती, वैनीला बोलवा."

मामंजी आणि घरातले, म्हणजे माझे यजमान, बाजाराला गेले होते, सासूबाई शेजारच्या वस्तीवर. मी तशीच पिठाच्या हातांनी निघाले. जन्मात फोन कानाला लावला नव्हता. दुकानात पाच-सहा माणसं बसलेली, आणि बाकड्यावर कोण, तर कळसच्या मुलाचा मामा. लग्नाची तारीख बोलायला आला होता, मामंजींची वाट बघत बसला होता. मी पदर पुढं ओढला.

फोन वाजला. चाचींनी माझ्या हातात दिला. आधी नुसता घुमल्यासारखा आवाज, मग तिचा.

"वैनी, ऐक. बोलू नगं, ऐक. काल डाक्टरनी तपासलं. पाय बघितला, वर-खाली केला. मग म्हणलं, चालून दाखव. मी तू शिकवल्यावानी चालले. खिशात हात घालून."

"बरं," मी म्हणाले.

"बरं काय? त्यांनी मला उभ्यानं टाकणाऱ्यांत घातलं. म्हणत्यात, ही एवढी चालती तर हिला खुर्ची कशाला. वैनी, मला उभं ऱ्हाऊन टाकता येत न्हाय."

मी फोन दुसऱ्या हातात घेतला. त्याला पीठ लागलं होतं.

"परत तपासा म्हणून मागता येतंय. मॅनेजर म्हणत्यात, आज दुपारपतूर सांग. पर मग मला खरं चालावं लागंल. चालायला फळी टाकत्यात, तिच्यावर, सगळ्यांच्या म्होरं. फोटोवालं हायती, आपल्याकडच्या पेपरचा बी एक हाय. मागू का? वैनी, मागू का?"

मी वर बघितलं. दुकानातली सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. मामानं सुपारी तोंडात टाकली आणि हसून म्हणाला, "काय म्हणत्यात आमच्या सूनबाई? सोनं आनत्यात का?"

लोक हसले. फोनमधून ती पुन्हा म्हणाली, "वैनी?"

मी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. हाय तसंच ऱ्हाऊ द्या."

मग म्हणाली, "बरं." आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाली?" चाचींनी विचारलं.

"खुशाल हाय म्हणाली."

घरी आले. परातीत पीठ तसंच होतं, वरून सुकलेलं. मी भाकरी करायला बसले आणि पहिलीच करपली. पुन्हा दुकानात जावं, पुन्हा फोन लावावा, मागा म्हणून सांगावं, असं वाटत होतं. पण कुणाला लावायचा? कुठल्या नंबरला? मला काहीच माहीत नव्हतं. तिथं आता सकाळ आहे, दुपारपर्यंत वेळ आहे, एवढंच डोक्यात घुमत होतं. तिथली दुपार आपल्याकडं कधी होते ते मी घरातल्यांना विचारलं. ते म्हणाले, "मधरात झाली की. का गं?" मी म्हटलं, "उगं." नंतरचे चार दिवस मी घरात होते असं म्हणता येणार नाही. दूध उतू गेलं. आमटीत मीठ दोनदा पडलं. सासूबाई म्हणाल्या, "तुझं ध्यान कुठं हाय? स्पर्धा तुझी हाय का तिची?"

पाचव्या दिवशी सर बारामतीहून एसटीनं आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले. मी आतल्या दारात उभी होते.

"शेवटची आली," सर म्हणाले.

मामंजी म्हणाले, "आसू द्या मास्तर. एवढ्या लांब गेली ह्येच लई."

"तसं न्हाय आबा. तिला उभ्यानं टाकायला लावलं. गोळा सुटला की सगळं आंग पुढं जातंय, तिच्या पायाला ते धरून ठेवता येत न्हाय. पहिल्यांदा रिंगणाच्या बाहेर गेली, बाद. दुसऱ्यांदा पडली, बाद. तिसऱ्यांदा टाकला, पर किती? पोरासोरानं टाकल्यासारखा." सरांनी खिशातून कागद काढला, पुन्हा ठेवून दिला. "बसून टाकणाऱ्यांत तिसरी आलेली बाई हाय, तिच्याहून लांब हिनं बारामतीत टाकलाय. मी सोता मोजलंय. पदक हुतं आबा. गळ्यात पडल्यालं पदक हुतं."

मामंजींनी पाण्याचं रिकामं भांडं त्यांच्या हातातून घेतलं.

"परत तपासणी मागायची सोय असती. मॅनेजरनं तिला विचारलं हुतं म्हणं. ही म्हणाली, ऱ्हाऊ द्या. का म्हणाली आसंल?"

सर मामंजींकडं बघत होते, मामंजी जमिनीकडं. मी दारात होते. तीन पावलांवर. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी आत जाऊन चहा टाकला.

ती परत आली तेव्हा गावानं ट्रॅक्टर सजवला होता. ट्रॉलीत खुर्ची, खुर्चीत ती, गळ्यात हार. हलगी वाजत होती. शाळेपाशी उतरून ती व्यासपीठापर्यंत चालत गेली, डाव्या मुठीत निऱ्या धरून, मान खाली घालून. कळसची माणसं पुढच्या रांगेत होती. मी बायकांत मागं उभी राहून तिचं प्रत्येक पाऊल मोजत होते.

पुढं कित्येक दिवस ती तिथलं सांगायची. आंब्याच्या रंगाचा रस, गाद्या, बटण दाबलं की उघडणारी दारं. मी वाट बघायची, आता ती फोनचं काढेल. तिनं काढलं नाही. एकदा आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा एवढंच म्हणाली, "तितं कुणीच काय लपवत न्हवतं वैनी. जेवायच्या हॉलात एक बाई लाकडी पाय काढून खुर्चीला टेकवून ठेवायची आन् निवांत जेवायची. दोन्ही हात नसलेला एक जण पायानं चमचा धरायचा. तेवढ्या हजार माणसांत खिशात हात घालून हिंडणारी मीच एकटी."

मी मूठभर शेंगा पुढं ओढल्या. तिनंही ओढल्या.

वैशाखात लग्न झालं. सासरी ती कशी चालत असेल, सारखी तीच काळजी. तिथं दारापासून पाटापर्यंत किती पावलं आहेत, कुणी मोजली असतील का. रानात जायचं म्हटल्यावर निऱ्या धरून किती वेळ चालणार. एक दिवस कुणीतरी येईल आणि म्हणेल, तुम्ही फसवलंत, असं वाटायचं. एसटी थांबल्याचा आवाज आला तरी मी बाहेर बघायची.

श्रावणात पंचमीला तिला आणायला मामंजींबरोबर मी कळसला गेले. घरातल्यांना रानात काम होतं. अंगणात पोचलो तर समोरून नणंद येत होती. डोक्यावर हंडा, उजवा हात हंड्याला, डावा हात मांडीवर दाबलेला, आणि कमरेत वाकत, भरभर, आमच्या वस्तीवर चालायची तशीच. हंड्यातलं पाणी डुचमळत होतं, सांडत नव्हतं. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, हात काढ म्हणून. तिची सासू ओसरीवर वाती वळत बसली होती.

सासू माझ्याकडं बघून हसायला लागली. "काय खुणावताय तिला? या, बसा. त्या दिशी लई निऱ्या सांभाळत हुता तुमी."

मी खाली बघून चपला काढायला लागले.

"आमाला काय दिसत न्हवतं व्हय? माझ्या भावानं तिला आधीच बघितली हुती, तुमच्याकडं ज्वारीत पाखरं राखताना. बांधावरनं चालत आल्याली बी बघितली. मला येऊन म्हणला, आक्का, पाय असा हाय, पर हात बघ पोरीचा. म्हणून तर आमी आलो. तुमी तिला नटवून सात पावलं चालवली, तवा माझा भाऊ सुपारी कातरत मान खाली घालून हसत हुता. तुमाला वाईट वाटंल म्हणून आमी बी काय बोललो न्हाय."

ती मनमोकळी हसत होती. मामंजीही हसले. मी नणंदेकडं बघितलं. हंडा अजून तिच्या डोक्यावर होता. हे तिला त्याआधी माहीत होतं की तेव्हाच कळलं, ते मला अजून ठाऊक नाही. तिनं हंडा उतरवला, पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली.

मी तिच्यामागं आत गेले. ती माहेरी न्यायची लुगडी पिशवीत भरत होती. मला वाटलं, आता नाही बोलले तर मी कधीच बोलणार नाही.

"वन्सं, त्या दिशी दुकानात त्यो मामा बसला हुता. माझ्याम्होरंच बाकड्यावर. म्हणून मी…"

"म्हाईत हाय. त्यांचा आवाज ऐकू आला हुता."

"मी मागा म्हणले आसते तर?"

मला वाटत होतं, ती म्हणेल, तुझ्यामुळं नाही वैनी, मलाच लाज वाटली. कितीतरी दिवस मी तिच्या तोंडून तेच ऐकायची वाट बघत होते. तिनं लुगड्याची घडी नीट केली, पिशवीत ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

"तर मागितली आसती," ती म्हणाली.

रागानं नाही. कुणी गाडी किती वाजता आहे ते सांगावं तशी. मग पिशवीचे बंद बांधायला लागली.

तिनं दोष दिला असता तर मी पाया पडले असते, रडले असते. तिनं नुसतं काय झालं असतं ते सांगितलं. बाहेरून मामंजींनी हाक मारली, "आवरा गं, येष्टी चुकंल."

सरांचं बोलावणं पुढं दोनदा आलं. पहिल्यांदा तिला दिवस गेले होते. दुसऱ्यांदा ती बारामतीला जाऊन आली, सासूच घेऊन गेली होती, पण तोवर दुसऱ्या पोरी पुढं गेल्या होत्या.

पंचमीच्या त्या दिवशी कळसहून येताना एसटीत ती माझ्याशेजारी बसली. मामंजी पुढच्या बाकावर. थोड्या वेळानं तिला झोप लागली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. इंदापूरला गाडी बदलायची होती. स्टँड आलं, माणसं उतरायला लागली. मामंजी मागं वळून म्हणाले, "आगं, उठव की तिला."

मी बसून राहिले. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं तरी मला तिला हात लावायचं धाडस होईना.